सुई आहे, पण डॉक्टर नाही!

एक कोडं घालू?

हात नाहीत, पाय नाहीत. डोळे नाहीत, कान नाहीत. मेंदूचा तर पत्ताच नाही! पण जवळ इंजेक्शनच्या सुया आहेत. एक-दोन नाही, चांगल्या डझनावारी! सांग पाहू कोण?

डास? छे! डासाला चांगले सहा पाय असतात. विंचू? त्याची नांगी एकच. गल्लीतले डॉक्टर? अगं बाई, त्यांना मेंदू असतो!

हार मानायची? बरं, सांगून टाकू. उत्तर आहे साल्मोनेला! हा एक जीवाणू. आपल्या पोटात शिरला की तो आतड्याच्या पेशींना चक्क इंजेक्शन देतो. औषधाचं नव्हे हं! स्वतःच्या फायद्याचं!

थांब, थांब. पेशी कोण आणि जीवाणू कोण, हे आधी बघून घेऊ. मग खरी गंमत येईल.

तुझं सगळं अंग पेशींचं बनलेलं आहे. नाक पेशींचं, जीभ पेशींची, आतडंही पेशींचं. प्रत्येक पेशी इवलीशी, पण जिवंत. आतड्याच्या आतल्या बाजूला या पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. आणि किती थर असतील त्यांचे? दहा? वीस? नाही, फक्त एक! तू जेवलेला वरणभात एका बाजूला, तुझं आतलं शरीर दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पहाऱ्याला हा एवढासा एकच थर!

जीवाणू म्हणजे एकाच पेशीचा अख्खा जीव. स्वयंपाकघर तेच, झोपायची खोली तीच, न्हाणीघरही तेच! तुझ्या शरीरात आत्ता, हे वाचताना, साधारण ३८ लाख कोटी जीवाणू आहेत. दचकू नकोस! त्यातले बहुतेक आतड्यात राहतात आणि गुण्यागोविंदाने राहतात. काही तर तुला न पचलेलं अन्न पचवून देतात. त्यांच्याजवळ सुई-बिई काही नसते. सुईवाले असतात मोजके, आणि ते मात्र उपद्रवी.

आता कंपासपेटीतली पट्टी काढ. काढलीस? दोन बारीक रेघांमधली जागा बघ. ते झालं एक मिलिमीटर. त्या जागेत साल्मोनेलांना प्रार्थनेच्या रांगेत एकापुढे एक उभं केलं, तर किती मावतील? पाचशे! आणि त्याच्या सुया? एकापुढे एक ठेवल्या तर त्याच जागेत मावतील सुमारे वीस हजार!

डोक्यात शिरत नाही ना? कोणाच्याच शिरत नाही. म्हणून एक युक्ती करू. सगळं जग दहा लाख पट मोठं करू. हुश्श... झालं!

आता साल्मोनेला झाला स्कूटरएवढा. आतड्याची एक पेशी झाली सात-आठ मजली इमारत. आणि सुई? ती झाली झिजून झिजून बोटाएवढी उरलेली पेन्सिल! जाडीसुद्धा तेवढीच. त्या पेन्सिलीतलं शिसं काढून टाकलं, तर जी बारीक पोकळी उरेल ना, तेवढंच सुईचं भोक. स्कूटरच्या अंगावर अशी पेन्सिलींची थोटकं उगवलेली, दहापासून शंभरापर्यंत कितीही! (आणि तू? तुझे पाय मुंबईत असतील, तर डोकं पार दिल्लीच्या आसपास जाईल!)

एवढीशी गोष्ट दिसली तरी कशी? तीही एक मजाच आहे.

होर्हे गालान नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत. मूळचे अर्जेंटिनाचे आणि शिकलेले काय, तर गुराढोरांचे डॉक्टर व्हायचं! पुढे ते अमेरिकेत गेले आणि साल्मोनेलाच्या मागे लागले. साल्मोनेला पेशीत प्रथिनं सोडतो, हे तोवर कळलं होतं. पण कशातून सोडतो? ते यंत्र कोणी बघितलं नव्हतं. तिकडे जपानमध्ये शिन-इची आयझावा आणि तोमोको कुबोरी जीवाणूंच्या शेपट्यांचा अभ्यास करत होते. हो, शेपट्या! पुष्कळ जीवाणूंना लांब शेपट्या असतात. त्या भोवऱ्यासारख्या गरगर फिरतात आणि जीवाणू सुळकन पोहत पुढे जातो.

गालान आणि जपानी मंडळी एकत्र आली. त्यांनी साल्मोनेलाची कवचं फोडली आणि ताकदवान इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आणि काय आश्चर्य! कवचात रुतलेल्या गोल कड्या, आणि त्यांतून बाहेर आलेली सरळसोट पोकळ नळी. हीच ती सुई! साल होतं १९९८.

शेपटीच्या अभ्यासकांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना वाटलं, अरेच्चा, हे तर ओळखीचं! कारण सुईचा तळ अगदी शेपटीच्या तळासारखा होता. दोन्ही यंत्रं एकाच घराण्यातली. एक भावंड पोहायला लागलं, दुसरं टोचायला.

पुढे कळलं, ही नळी एकाच प्रकारच्या प्रथिनाचे शंभराहून जास्त तुकडे गोल जिन्यासारखे रचून बनते. आता मला सांग, तुझं नख कुठून वाढतं? मुळाकडून. सुई मात्र उलटी! ती टोकाकडून वाढते. नवा तुकडा जीवाणूच्या पोटातून निघतो, पोकळीतून वर सरकतो आणि पार शेंड्यावर जाऊन बसतो. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा.

मग थांबायचं कधी? काही मोजमाप नको? लांडी झाली तर पेशीपर्यंत पोचायची नाही. फार लांब झाली तर उगाच लटपटायची.

तर गंमत ऐक! काही जीवाणूंजवळ चक्क मोजपट्टी असते! प्लेग नावाच्या रोगाचं नाव तू ऐकलं असशील. त्या प्लेगच्या जीवाणूचा एक चुलतभाऊ आहे, यर्सिनिया एंटेरोकोलिटिका. हाही पोट बिघडवणारा आणि सुईवालाच. त्याच्याकडे एक लांबुडकं प्रथिन असतं. सुई वाढत वाढत त्याच्याएवढी झाली की बांधकाम बंद! शास्त्रज्ञांनी २००३ साली काय केलं असेल? त्यांनी ते पट्टी-प्रथिनच लांब करून टाकलं. आणि सुई? तीही लांब झाली! पट्टी आखूड केली, तर सुई आखूड! जीवाणूला शाळा नाही, भूमिती नाही, पण मोजून काम करतो बेटा.

बरं, सुई तयार. पण आत भरायचं काय?

प्रथिनं! म्हणजे प्रोटीन. आई म्हणते ना, डाळ खा, प्रोटीन मिळेल? तेच. पण प्रथिनं नुसती खायची वस्तू नाही. ती पेशीतली कामकरी मंडळी आहेत. कोणी साखर फोडतं, कोणी दोरखंड ओढतं, कोणी निरोप पोचवतं. प्रत्येक प्रथिन म्हणजे मण्यांची एक लांब माळ. ही माळ गुंडाळून, दुमडून तिचा एक ठरावीक आकार होतो. त्या आकारामुळेच ते आपलं काम करू शकतं.

इथे झाली पंचाईत! गुंडाळलेलं प्रथिन जाड, आणि सुईचं भोक बारीक. शिरणार कसं?

तू काय केलं असतंस? आजीने विणलेला स्वेटर बांगडीतून पलीकडे न्यायचा आहे, असं समज. घुसवून बघ, अडकणारच. पण स्वेटर उसवला तर? लोकरीचा एक लांबच लांब धागा होईल. तो बांगडीतूनच काय, सुईच्या नेढ्यातूनसुद्धा जाईल! जीवाणू नेमकं हेच करतो. सुईच्या तळाशी एक यंत्र असतं. ते प्रथिन उसवतं आणि धागा नळीत सोडतं. पलीकडे पेशीत उतरल्यावर धागा पुन्हा आपोआप गुंडाळतो आणि प्रथिन कामाला तयार! आजीचा स्वेटर मात्र आपोआप विणला जात नाही, तेव्हा हा प्रयोग घरी करू नकोस.

आणखी एक. काही प्रथिनांबरोबर एक पाठराखीण असते! नवरीबरोबर जाते ना, तशी. ही पाठराखीण प्रथिनाला वेळेआधी पूर्ण गुंडाळू देत नाही, इकडेतिकडे भरकटूही देत नाही. ती त्याला सुईच्या तळापर्यंत आणून सोडते. आणि स्वतः? स्वतः मागेच राहते. पुढची सोबत करायला मोकळी!

तू विचारशील, प्रथिन उसवून जातं हे कळलं कसं? शाब्बास, हाच प्रश्न विचारायचा! शास्त्रज्ञांनी खोडी काढली. एका समुद्री जेलीफिशकडे हिरवं चमकणारं प्रथिन असतं. ते इतकं घट्ट विणलेलं असतं की या यंत्राला उसवताच येत नाही. शास्त्रज्ञांनी ते घेतलं आणि साल्मोनेलाच्या प्रथिनाच्या शेपटाला जोडून दिलं. मग काय! पुढचा भाग सुर्रकन उसवला, नळीत शिरला, आणि मागचा हिरवा गोळा दारात अडकला. धागा नळीतच लोंबकळत राहिला! तेवढ्यात यांनी त्याची छायाचित्रं घेतली. २०१४ साली ती प्रसिद्ध झाली. सुईच्या पोकळीत धागा स्पष्ट दिसतो! चोराला खिडकीत अडकवून फोटो काढण्यातला प्रकार.

आता साल्मोनेलाच्या मागोमाग आतड्यात जाऊ.

तो येतो कुठून? घाण पाण्यातून, कच्च्या अंड्यातून, नीट न शिजलेल्या कोंबडीतून, उघड्यावरच्या खाण्यातून. पोटातल्या जहाल आम्लात पुष्कळसे मरतात. उरलेले शेपट्या फिरवत आतड्याच्या पेशीपाशी येतात. सुईचं टोक पेशीला टेकतं. टेकल्याचं जीवाणूला कळतं! मग तो आधी दोन खास प्रथिनं पाठवतो. ती पेशीच्या अंगात रुततात आणि तिथे एक भोक तयार करतात. म्हणजे बघ, आपण सुई-सुई म्हणतोय खरं, पण ती डॉक्टरांच्या सुईसारखी खुपसत नाही. ती भिंतीशी उभी राहते आणि आपल्या प्रथिनांकडून दार करून घेते!

मग सुरू होते धाग्यांची रांग. त्यातलं एक प्रथिन म्हणजे सोपई. त्याची करामत बघ!

आपल्या पेशीत ॲक्टिन नावाच्या दोरखंडांचं जाळं असतं. त्या दोरखंडांवर पेशीचा आकार ठरतो. ते कधी ताणायचे, कधी सैल सोडायचे, यासाठी पेशीत बटणं असतात. सोपई आत शिरतो आणि थेट बटण दाबतो. खट्! दोरखंड भराभर वाढतात. पेशीचा पृष्ठभाग उसळतो. तू दूध उतू जाताना बघितलंस ना? फेस कसा भसकन वर येतो! तशाच पेशीच्या लाटा वर येतात, साल्मोनेलाच्या चारी बाजूंनी उठतात, त्याच्या डोक्यावरून मिटतात, आणि गडप! साल्मोनेला आत! पेशीने त्याला स्वतःच गिळलं. याने फक्त बटण दाबायला माणूस पाठवला.

पण पेशी अशीच उसळत राहिली तर ती मरून जाईल. मग राहायचं कुठे? म्हणून साल्मोनेला दुसरंही एक प्रथिन पाठवतो, एसपीटीपी. त्याचं काम एकदम उलटं. चालू केलेलं बटण बंद करायचं! पेशी शांत. पृष्ठभाग पुन्हा सपाट. जणू काही झालंच नाही. आलेल्या चोराने चादर नीट घालून ठेवावी, तशी सफाई.

आता मला सांग, आधी कोणाला पाठवायला हवं? सोपई आधी, एसपीटीपी नंतर, बरोबर? शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं असणार. आणि उत्तर काय निघालं माहितीय? दोघं एकदमच येतात! एकाच वेळी, जवळजवळ सारख्याच संख्येने!

मग दोघांची झटापट होऊन सगळं ठप्प नाही का होणार?

नाही! कारण पेशीत एक कचरायंत्र असतं. नको असलेली प्रथिनं ते कुटून टाकतं. सोपई या यंत्राच्या तावडीत चटकन सापडतो आणि थोड्याच वेळात त्याचा भुगा होतो. एसपीटीपी मात्र चिवट. तो कितीतरी जास्त वेळ टिकतो. म्हणजे सुरुवातीला सोपई जोरात असतो आणि पेशी उसळते. मग सोपई संपतो, एसपीटीपी उरतो आणि पेशी निवते. साल्मोनेलाजवळ घड्याळ नाही. तो आपल्याच पेशीचं कचरायंत्र घड्याळ म्हणून वापरतो! गालान आणि कुबोरी यांनीच २००३ साली हे दाखवून दिलं. मला विचारशील तर या अख्ख्या गोष्टीतली ही सगळ्यात भारी खोडी आहे. तुला दुसरी कुठली भारी वाटली तर तसं सांग, भांडू आपण!

आत शिरल्यावर साल्मोनेला एका बुडबुड्यात राहतो. आणि तिथे? तिथे तो दुसऱ्याच जातीच्या सुया काढतो! बुडबुड्यातून बाहेर, म्हणजे पेशीच्या पोटात, नवी प्रथिनं सोडतो. दोन्ही प्रकारच्या सुयांतून जाणारी मिळून चाळीसहून जास्त प्रथिनं आहेत. सगळ्यांची नावं सांगत बसलो तर मासिक इथेच संपेल.

त्यापेक्षा दुसऱ्या एका वस्तादाला भेट. याचं नाव ईपेक. हा इ. कोलाय नावाच्या जीवाणूंच्या कुळातला. ते कूळ तसं सज्जन, तुझ्याही आतड्यात त्यांची वस्ती आहे. पण ईपेक वाया गेलेला. तो लहान बाळांना जुलाब करतो.

ईपेकला पेशीच्या आत शिरायचं नसतं. त्याला बाहेरच घट्ट चिकटून राहायचं असतं. आतड्यातून अन्नपाण्याचा लोंढा सतत वाहत असतो ना, त्यात वाहून जायला नको! पण चिकटायला काहीतरी पकडायला हवं. पेशीच्या अंगावर त्याला धरता येईल असं काहीच नसतं.

मग त्याने काय करावं? तो स्वतःची खुंटी घेऊन येतो!

खरंच! ईपेक सुईतून टिअर नावाचं प्रथिन पेशीत सोडतो. टिअर पेशीच्या अंगात जाऊन रुततं आणि आपला एक भाग बाहेर काढतं. झाली खुंटी तयार! ईपेकच्या अंगावर तिला धरणारं दुसरं प्रथिन असतंच. ते खुंटीला जाऊन घट्ट धरतं. पाहुण्याने येताना खिळा-हातोडी घेऊन यावं, यजमानाच्या भिंतीत खुंटी ठोकावी आणि तिलाच लटकावं! कुठे बघितलास असा पाहुणा?

गंमत म्हणजे शास्त्रज्ञही फसले होते. ही खुंटी त्यांना आधीच सापडली होती. पण ती पेशीच्या अंगात होती, तेव्हा ती पेशीचीच असणार, असं सगळे धरून चालले. तिला नावसुद्धा तसंच दिलं होतं. मग १९९७ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात ब्रेंडन केनी, ब्रेट फिनले आणि त्यांच्या सोबत्यांनी नीट तपासलं. खुंटी निघाली जीवाणूची! रोगजंतू आपली खुंटी आपणच रोवतो, हे तोवर कोणी बघितलं नव्हतं.

पुढे तर कहर. टिअर पेशीच्या ॲक्टिनला खुंटीखाली गोळा करतं. दोरखंड साचत जातात आणि ईपेकच्या खाली एक चौथरा उभा राहतो. पुतळ्याला असतो ना चौकात, तसा! आसपासचे पेशीचे मऊ केस झडून जातात. त्याच केसांनी आतडं पाणी आणि अन्न शोषतं. ते झडल्यावर पाणी शोषलं जात नाही, आणि बाळाला होतात जुलाब.

तिसरा सुईवाला शिगेला. १८९७ साली जपानमध्ये रक्ताच्या हगवणीची भयंकर साथ आली. ९० हजारांहून जास्त लोक आजारी पडले. कियोशी शिगा नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने त्या साथीतला जीवाणू शोधून काढला. पुढे जीवाणूला त्यांचंच नाव मिळालं, शिगेला. (आपलं नाव हगवणीच्या जंतूला मिळालेलं कोणाला आवडेल? पण शास्त्रज्ञांना तो मान वाटतो!) शिगेलाची सुई साधारण साल्मोनेलासारखीच. पण हा भारी चिवट. आजारी पाडायला लाखो शिगेला लागत नाहीत. शंभरसुद्धा पुरतात, कधीकधी तर दहाच! नखाखालच्या मळाच्या एका ठिपक्यात त्याहून कितीतरी जास्त मावतील. आता कळलं, शी करून आल्यावर साबणाने हात धुवायला सगळे का ओरडतात ते?

इतकं ऐकून तुला वाटेल, आपलं शरीर अगदीच बावळट दिसतंय! गिळतंय काय, चौथरे बांधून देतंय काय!

मुळीच नाही. पेशीत पहारेकरी प्रथिनं असतात. आणि त्यातलं एक नेमकं काय ओळखतं, सांगू? सुईच! सुईची नळी ज्या प्रथिनाची बनते ना, त्याचा एखादा तुकडा चुकून पेशीत पडला, की पहारेकऱ्याच्या लगेच लक्षात येतं. ज्या यंत्राच्या जोरावर चोरी, त्याच यंत्राने चोर पकडला जातो! मग पेशी धोक्याची घंटा वाजवते. आसपासची सैनिक मंडळी धावून येतात. घंटा वाजवणारी पेशी स्वतः काय करते? ती थरातून सुटते आणि आपल्यातल्या जीवाणूंसकट आतड्याच्या पोकळीत उडी टाकते! शीबरोबर सगळे बाहेर. शेजारच्या पेशी सरकून मोकळी जागा बुजवतात. तशाही आतड्याच्या या थरातल्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या होतात. म्हणजे आठवड्यापूर्वी ज्या पेशी तुझ्या आतड्यात पहाऱ्याला होत्या, त्यातल्या बहुतेक आज नाहीत!

आणि शरीराला आपणही मदत करू शकतो. साल्मोनेलाच्या घराण्यातलाच एक जीवाणू टायफॉइड करतो. टायफॉइड म्हणजे विषमज्वर. त्याच्याजवळही दोन्ही प्रकारच्या सुया असतात. शिवाय अंगावर साखरेसारख्या पदार्थाचं एक आवरण असतं. हे आवरण ओळखायला शरीराला आधीच शिकवून ठेवणारी एक नवी लस भारतात तयार झाली. आणि जगात सरकारी मोहिमेत ती मुलांना पहिल्यांदा कुठे दिली गेली, ओळख! लंडनमध्ये? न्यूयॉर्कमध्ये? नाही, आपल्या नवी मुंबईत! २०१८ साली. नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना. तू नवी मुंबईत राहात असशील, तर दादाला किंवा ताईला विचार, त्यांना टोचली होती का. सुईवाल्या जीवाणूवर उपाय म्हणून सुई!

आता शेवटची गंमत. ही ऐकल्याशिवाय पान उलटू नकोस.

पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांमध्ये शिगेलाच्या हगवणीची साथ होती. सगळे पोट धरून बसले होते. एक जर्मन सैनिक मात्र ठणठणीत! आल्फ्रेड निसले नावाच्या डॉक्टरांना नवल वाटलं. त्यांनी १९१७ साली त्या सैनिकाची शी तपासली. (डॉक्टरांना काय काय करावं लागतं!) तिच्यात सापडला इ. कोलायच्या सज्जन कुळातला एक जीवाणू. त्याला नाव पडलं निसले. तो इतका गुणी निघाला की पुढे शंभर वर्षं पोटाचं औषध म्हणून वापरात राहिला.

आणि आता अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ कॅमी लेसर आणि त्यांच्या सोबत्यांनी काय केलं असेल? त्यांनी या गुणी निसलेला शिगेलाची सुई बसवली! ज्या रोगापासून तो सैनिक वाचला, त्याच रोगाच्या जंतूची सुई! आता त्या सुईतून रोगाची प्रथिनं जात नाहीत. जातं औषध. आतड्याला सूज येते तेव्हा ती सूज वाढवणारा एक निरोप शरीरात फिरत असतो. तो निरोप अडवणारं छोटंसं प्रथिन हा निसले सुईतून आतड्यात सोडतो. २०२३ साली त्यांनी हा प्रयोग उंदरांवर केला आणि उंदरांची आतडी सुजेपासून बचावली.

माणसांसाठी हे औषध अजून दुकानात आलेलं नाही. उंदरांपासून माणसांपर्यंतचं काम लांबचं असतं, त्याला वर्षं लागतात आणि माणसंही पुष्कळ लागतात. मोठेपणी त्यातलं एक माणूस तू असशील, तर आम्हाला पत्र नक्की पाठव!